डिझेलच्या सांडपाण्याला विरजण लावताना

वर्कशॉपच्या वॉशिंग रॅम्पखालचं चेंबर उघडलं की आधी वास येतो, मग तवंग दिसतो. ट्रक धुतल्याची माती, ग्रीस, साबण, इंजिनमधून गळलेलं ऑइल आणि डिझेल असं सगळं त्यात एकत्र झालेलं असतं. बऱ्याच ठिकाणी हे पाणी एका हौदात जातं, हौद भरला की नाल्यात जातं आणि पुढचं कोणी विचारत नाही. गेली काही वर्षं मी ट्रक-बसच्या वर्कशॉपांच्या आणि छोट्या बॉयलर हाउसच्या सांडपाण्याचं काम करतो. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. डिझेल खाणारे सूक्ष्मजीव बहुतेक वेळा बाहेरून आणावे लागत नाहीत, ते तुमच्याच आवारात असतात. आपण त्यांना खाणं, हवा आणि वेळ द्यायची आणि नकळत त्यांना मारून टाकायचं नाही.

हा लेख रोज काही हजार लिटर पाणी निघणाऱ्या ठिकाणासाठी आहे. सुरुवात १००० लिटरच्या एका टाकीवर करा. ती नीट चालली की मोठी करता येते.

आधी एक इशारा. पाण्यात पेट्रोल असेल तर हा लेख बाजूला ठेवा. पेट्रोलच्या पाण्यात हवा सोडली की जिवाणूंनी काही खायच्या आतच बेंझिनसारखी विषारी वाफ वर येते आणि ती पेटही घेऊ शकते. डिझेल कमी उडतं, पण आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, किमान ३५ अंश सेल्सिअस धरलेला आहे आणि उन्हाळ्यात शेडमध्ये तेवढं तापमान सहज होतं. म्हणून टाकी उघड्यावर किंवा हवेशीर शेडमध्ये ठेवा. पंपाची मोटर टाकीपासून दूर आणि वरच्या बाजूला बसवा. जवळपास वेल्डिंग, ग्राइंडिंग आणि विडी-सिगारेट बंद.

एकच जिवाणू का पुरत नाही

डिझेल हा एक पदार्थ नाही. साधारण १० ते २२ कार्बनच्या साखळ्या, फांद्या फुटलेल्या साखळ्या, गोल रिंगा आणि दोन-तीन रिंगा जोडलेले रेणू अशी ती शेकडो संयुगांची खिचडी आहे. सरळ साखळ्या सगळ्यांत आधी संपतात, मग फांद्यांच्या, मग छोट्या रिंगा. जोडलेल्या रिंगा मागे राहतात. बॉयलरमध्ये जाळतात त्या फर्नेस ऑइलमध्ये हा मागे राहणारा जड भाग जास्त असतो, म्हणून ते डिझेलच्या मानाने फार हळू संपतं.

ॲसिनेटोबॅक्टर, ऱ्होडोकॉकस, स्यूडोमोनास, बॅसिलस, काही यीस्ट आणि बुरशी यांची प्रत्येकाची आवड वेगळी. एक साखळीच्या टोकाला ऑक्सिजन चिकटवून तिचं आधी अल्कोहोल आणि मग फॅटी ॲसिड करतो. दुसरा ते फॅटी ॲसिड खाऊन टाकतो, नाहीतर ते साचून पहिल्याचंच काम अडतं. तिसरा स्वतःचा साबण तयार करतो, जैव-पृष्ठसक्रियक, आणि तेलाचे बारीक थेंब करतो. त्याचा फायदा सगळ्यांनाच होतो, कारण जिवाणू तेलाच्या थेंबाच्या पृष्ठभागावरच काम करतात. थेंब जितका लहान तितकं ताट मोठं.

एकाच जिवाणूत सगळी ताकद भरायचा प्रयत्नही झाला आहे. आनंद चक्रवर्ती यांनी अमेरिकेत वेगवेगळ्या स्यूडोमोनासमधले प्लाझमिड, म्हणजे डीएनएच्या सुट्या छोट्या कड्या, एका जिवाणूत आणले. त्या जिवाणूच्या पेटंटचा खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८० मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी चक्रवर्तींच्या बाजूने निकाल लागला. विज्ञानाच्या इतिहासात त्याचं मोल मोठं आहे, पण तो जिवाणू तेलगळतीवर कधी वापरलाच गेला नाही. उलट दिल्लीच्या तेरी संस्थेचं ऑइलझॅपर हे निसर्गातूनच निवडलेल्या जिवाणूंचं मिश्रण मक्याच्या कणसाच्या भुकटीत मिसळून रिफायनऱ्यांच्या तेलकट गाळावर वापरलं जातं.

आपल्या भागाचंही एक उदाहरण आहे. मुंबईजवळच्या तेलाने खराब झालेल्या समुद्राच्या पाण्यातून यारोविया लायपोलिटिका हे यीस्ट वेगळं केलं गेलं आणि पुणे विद्यापीठात त्यावर काम झालं. त्या गटात अदिती पंत होत्या, अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांपैकी एक. ते यीस्ट आज पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या (एनसीएल) संग्रहात एनसीआयएम ३५८९ या क्रमांकाने आहे. जिथे तेल सांडतं तिथेच तेल खाणारा सापडतो, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

पहिलं काम: तरंगणारं तेल काढा

हे काम टाळून पुढे गेलेल्यांचे हौद मी बरेच पाहिले आहेत. पाण्यावर बोटभर डिझेल असेल तर त्याच्यावर जिवाणू सोडण्यात अर्थ नाही. खाली हवा पोचत नाही आणि खाणं इतकं जास्त की खाणारे त्यातच मरतात. तीन कप्प्यांचा हौद बांधा. एका कप्प्यातून पुढच्या कप्प्यात पाणी नेणाऱ्या पाइपला 'टी' बसवून त्याचं खालचं तोंड पाण्यात बुडवा, म्हणजे वरचं तेल मागेच राहील. पाणी निदान एक दिवस शांत राहू द्या आणि वरचं तेल काढून घ्या.

काढलेलं तेल आणि तेलकट गाळ घातक कचऱ्यात मोडतात. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं आणि त्याची नोंद ठेवायची. रस्त्यावर धूळ बसावी म्हणून ते शिंपडू नका, भट्टीलाही देऊ नका.

इथे साबणाचाही हिशोब करा. धुण्यासाठी भरमसाट डिटर्जंट वापरलं की तेल पाण्यात इतकं बारीक मिसळतं की तीन कप्पे काय, पाच कप्प्यांतही वर येत नाही. दाबाच्या पाण्याने आधी माती धुवा, साबण लागेल तेवढाच वापरा. या एका बदलाने मी पुढचं अर्धं काम हलकं झालेलं पाहिलं आहे. पावसाचं पाणी हौदात येत असेल तर तेही वळवा. जूनमध्ये छपराची पन्हाळ हौदात सोडलेली असेल तर महिनाभराची मेहनत एका रात्रीत वाहून जाते.

या टप्प्यानंतर पाण्यात साधारण ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर किंवा त्याहून कमी तेल उरावं. तपासणीसाठी नमुना काचेच्या बाटलीत घ्या, प्लॅस्टिकला तेल चिकटतं. बाटली त्याच पाण्याने विसळू नका, काठोकाठ भरू नका आणि प्रयोगशाळेला सगळी बाटली वापरायला सांगा. काचेला चिकटलेलं तेलही मोजणीत यायला हवं. पाण्याचा पीएच आणि तापमान जागेवरच मोजून वहीत लिहा.

विरजण कुठून आणायचं

घरी दही लावताना जसं चांगलं विरजण शोधतो तसंच इथे. जिथे वर्षानुवर्षं थोडं थोडं तेल मुरलं आहे अशी जागा बघा: जुन्या गटाराची कड, डिझेल टाकीच्या नळाखालची काळी माती, हौदाच्या भिंतीवरचा बुळबुळीत थर. डांबरासारखी चिकट झालेली माती नको. तिच्या कडेची, जरा ओलसर, जिथे एखादं गवत उगवलं आहे ती घ्या. चार-पाच जागांची चमचा-चमचा माती एकत्र करा. जवळपास चालू ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) असेल तर तिथल्या टाकीत परत सोडतात तो जिवंत गाळही एक वाटी घ्या.

शेणाबद्दल नेहमी विचारलं जातं. शेणात जिवाणू भरपूर असतात, पण त्याच्याबरोबर सहज पचणारं खाणंही येतं. जिवाणू आधी ते खातात आणि डिझेलकडे बघत नाहीत. सुरुवातीला मूठभर शेण चालेल. दर आठवड्याला पाटीभर शेण टाकणं म्हणजे कामगारांना रोज पंगत घालून वर कामाची अपेक्षा करणं.

बाजारातल्या पुड्या वाईटच असतात असं नाही. पण 'पी हळद आणि हो गोरी' असं काही होत नाही. विकणाऱ्याला विचारा की एका ग्रॅममध्ये जिवंत पेशी किती, पुडी केव्हा बनली आणि ती गोड्या पाण्यासाठी आहे का. समुद्रातल्या तेलगळतीत नाव कमावलेला अल्कानिवोरॅक्स खाऱ्या पाण्याचा रहिवासी आहे. तुमच्या बोअरच्या पाण्यात त्याचा काही उपयोग नाही.

वाढवण्याची पद्धत

बुशनेल-हास हे माध्यम, म्हणजे जिवाणू वाढवायचं पाणी, १९४१ पासून या कामासाठी वापरात आहे. त्यात क्षार असतात, कार्बन मुळीच नसतो. म्हणजे जो डिझेल खाईल तोच जगेल. एक लिटर पाण्यात मोनोपोटॅशियम फॉस्फेट १ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट १ ग्रॅम, अमोनियम नायट्रेट १ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम, फेरिक क्लोराइड ०.०५ ग्रॅम आणि कॅल्शियम क्लोराइड ०.०२ ग्रॅम, पीएच ७. अमोनियम नायट्रेटवर स्फोटकांच्या कायद्याखाली निर्बंध आहेत. ते शोधत बसू नका, अमोनियम सल्फेट किंवा अमोनियम क्लोराइड वापरा. आयतं माध्यम प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात पावडरच्या स्वरूपात मिळतं. जवळच्या कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात गेलात तर ते शेकरवर, म्हणजे सतत हलवत राहणाऱ्या यंत्रावर, फ्लास्क लावून देतात. त्यांच्या मुलांनाही चांगला प्रकल्प मिळतो.

५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये १०० मिली माध्यम, १ ग्रॅम माती आणि अर्धा मिली डिझेल घ्या. तोंडाला कापसाचा बोळा लावा. ३० अंशांवर शेकरवर ठेवा. शेकर नसेल तर माशांच्या टाकीच्या पंपाने अगदी मंद हवा सोडा. शेजारी मातीशिवायचा असाच एक फ्लास्क ठेवा. तो पुढे फार उपयोगी पडणार आहे.

पहिले दोन दिवस काही दिसत नाही. मग पाणी गढूळ होतं, तेलाचा सलग थर फाटतो, थेंब दुधाळ दिसू लागतात आणि डिझेलचा उग्र वास मऊ पडतो. सातव्या दिवशी त्यातले १० मिली ताज्या माध्यमात घाला, पुन्हा अर्धा मिली डिझेल. असं तीन-चार वेळा करा. तिसऱ्या वेळेपासून अर्धं माध्यम आणि अर्धं तुमचं खरं सांडपाणी घ्या, म्हणजे समूहाला तुमच्या साबणाची आणि मातीची सवय होईल. फेऱ्या वाढवत नेऊ नका. प्रत्येक फेरीत समूह आकसतो, सरळ साखळ्या भरभर खाणारे दोन-तीन जण उरतात आणि रिंगा खाणारे हळू चालीचे गळतात. मी दुसऱ्या फेरीचा फ्लास्क फ्रीजमध्ये जपतो आणि शेवटी चौथ्या फेरीच्या विरजणात तोही मिसळतो.

आता एक चाचणी, जी मी नेहमी वर्कशॉपच्या माणसांसमोर करतो. स्टीलच्या ताटात स्वच्छ पाणी घ्या आणि त्यावर डिझेलचे एक-दोन थेंब सोडा. इंद्रधनुषी पातळ थर पसरतो. तो शांत झाला की सिरिंजने बरोबर मधोमध विरजणाच्या पाण्याचा एकच थेंब सोडा. चांगलं विरजण असेल तर त्या थेंबाभोवती रंग मागे सरकतो आणि काही क्षणांत स्वच्छ पाण्याचं गोल कुंपण उघडतं. मग दुसऱ्या ताटात मातीशिवायच्या त्या फ्लास्कमधल्या माध्यमाचा थेंब सोडून दाखवा. थर जागचा हलत नाही. तो गोल म्हणजे जिवाणूंनी स्वतः केलेला साबण. फक्त ताटाला भांड्यांचा साबण राहिलेला नसावा, नाहीतर सगळंच फसवं.

विरजण चढवत न्या: १०० मिलीचं १ लिटर, १ लिटरचं १० लिटरची बादली, मग १०० लिटरचा ड्रम, मग १००० लिटरची टाकी. दर वेळी दहापट, आणि दर वेळी पाणी गढूळ होईपर्यंत थांबा. टाकीत नारळाच्या काथ्याची बंडलं टांगा. त्यावर थर जमतो आणि सावकाश वाढणारे जीव पाण्याबरोबर वाहून जात नाहीत. काथ्या आधी दोन-तीनदा भिजवून तांबडं पाणी काढून टाका.

खत आणि हवा यांचा हिशोब

डिझेलमध्ये कार्बन आहे, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ नाहीच. शरीर बांधायला जिवाणूंना ते लागतं. कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसचं १००:१०:१ हे प्रमाण धरा. १००० लिटर पाण्यात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर म्हणजे ५०० ग्रॅम डिझेल आणि त्यात सुमारे ४३० ग्रॅम कार्बन. म्हणजे ४३ ग्रॅम नायट्रोजन आणि ४.३ ग्रॅम फॉस्फरस. डीएपीत (डायअमोनियम फॉस्फेट खतात) साधारण २० टक्के फॉस्फरस असतो, म्हणून २२ ग्रॅम डीएपी पुरतं आणि त्यातून ४ ग्रॅम नायट्रोजनही मिळतो. उरलेल्या ३९ ग्रॅमसाठी ८५ ग्रॅम युरिया. दोन्ही टेक्निकल ग्रेडचं घ्या. शेतीचा अनुदानित युरिया कारखान्यात वापरणं बेकायदा आहे. सगळं एकदम टाकू नका, आठवड्यात तीन हप्त्यांत विरघळवून द्या. जास्त खताने काम वेगाने होत नाही. पाण्यात अमोनिया उरतो आणि तो बाहेर सोडायलाही मर्यादा आहे.

हवेचा हिशोब फार कमी लोक करतात. १ ग्रॅम हायड्रोकार्बन पूर्ण जाळायला जवळपास ३.४ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. ५०० ग्रॅमला १.७ किलो. काही कार्बन जिवाणूंच्या अंगात जातो म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी, पण १.७ धरा. एक घनमीटर हवेत सुमारे २८० ग्रॅम ऑक्सिजन असतो आणि मीटरभर खोल पाण्यात बारीक बुडबुड्यांतून त्यातला जेमतेम ५ टक्के विरघळतो, म्हणजे १४ ग्रॅम. एकूण १२० घनमीटर हवा. मिनिटाला ४० लिटर देणाऱ्या पंपाला ५० तास लागतील. साबण आणि तेलामुळे विरघळणं आणखी मंदावतं, म्हणून दुप्पट धरून चार दिवस. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन २ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली जाऊ देऊ नका. कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर समजा हवा कमी पडते आहे.

रोजची राखण

पहिल्या आठवड्यात टाकीच्या १० टक्के सांडपाणी घाला, पुढच्या आठवड्यात २५, मग ५०. एकदम भरलेल्या टाक्या फसतात. पीएच ६.५ ते ८ मध्ये ठेवा. अमोनियाचं नायट्रेट होताना तो खाली सरकतो, तेव्हा खायचा सोडा थोडा थोडा घाला. २५ ते ३५ अंशांत काम सगळ्यांत चांगलं होतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तेवढ्याच कामाला जास्त दिवस द्या. पाणी काढायच्या आधी पंप बंद करून दोन तास स्थिर होऊ द्या आणि फक्त वरचं पाणी घ्या. खालचा गाळ हेच तुमचं विरजण आहे.

एका वर्कशॉपमध्ये माझी टाकी दोन महिने सुरेख चालली होती. एका शनिवारी संध्याकाळी कोणीतरी चाकांच्या रिम साफ करायचं ॲसिड त्याच रॅम्पवर ओतलं. सोमवारी सकाळी पाणी नितळ दिसत होतं आणि पहिल्यांदा मला आनंदच झाला. मग पीएच पाहिला तर ४ च्या खाली. काथ्यावरचा थर हाताला लागताच सुटून आला. सगळा समूह मेला होता. वाचलो ते कोपऱ्यात मंद हवेवर ठेवलेल्या २० लिटरच्या कॅनमुळे. तेव्हापासून मी दोन गोष्टी सोडत नाही: राखीव विरजण दुसऱ्या जागी ठेवणं, आणि ॲसिड, फिनाइल, ब्लीचिंगचं पाणी या चेंबरमध्ये येणार नाही असा वेगळा पाइप टाकून घेणं.

खरंच खाल्लं की नुसतं उडालं

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे आपण स्वतःलाच फसवतो. टाकीतलं डिझेल तीन वाटांनी कमी होतं: जिवाणू खातात, हवा उडवून नेते आणि गाळाला चिकटतं. त्यातली पहिलीच वाट खरी. म्हणून विरजण आणि खत न घातलेली, पण तेवढीच हवा दिलेली दुसरी छोटी टाकी शेजारी ठेवा. समजा तीन आठवड्यांत तुमच्या टाकीत ५०० चं ६० झालं आणि शेजारच्या टाकीत ५०० चं ३५०. मग ५०० मधून गेलेल्या ४४० चं श्रेय जिवाणूंना देऊ नका, ३५० आणि ६० मधला २९० चा फरक तेवढा त्यांचा. शेजारच्या टाकीतही पाण्याबरोबर आलेले थोडे जिवाणू असतात, त्यामुळे हा हिशोब जरा कंजूषच होतो आणि ते बरंच आहे.

नमुना घेताना पाणी ढवळून गाळासकट घ्या, आणि महिन्यातून एकदा गाळातलं तेल वेगळं तपासा. प्रयोगशाळेला हायड्रोकार्बनची गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे संयुगं वेगळी करून मोजायची चाचणी, जमते का विचारा. नेहमीच्या ऑइल-ग्रीस चाचणीत शेवटी द्रावक गरम करून उडवतात आणि त्याबरोबर डिझेलचा हलका भागही उडतो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात ऑइल-ग्रीसची मर्यादा १० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, सार्वजनिक गटारात २०. जिवाणू तुम्हाला तिथपर्यंत जवळ नेतात, शेवटचा टप्पा वाळू आणि ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या फिल्टरने गाठा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीत जे लिहिलं आहे तेच अंतिम. मी तर हे पाणी पुन्हा पहिल्या धुण्याला वापरायला सांगतो, म्हणजे टँकरही वाचतो.

दिवाळीत वर्कशॉप आठवडाभर बंद असेल तर हवा पूर्ण बंद करू नका. पंप टायमरवर लावा, दर तासाला १५ मिनिटं. जाण्याआधी १००० लिटरच्या टाकीत १०० मिली डिझेल आणि त्याच्या हिशोबाने खत द्या: ४ ग्रॅम डीएपी आणि १५ ग्रॅम युरिया. आणि राखीव कॅनची किल्ली वॉचमनकडे देऊन जा. लाइट गेली तर पंप पुन्हा चालू झाला का, एवढंच त्याला दिवसातून दोनदा बघायला सांगा.